बुकबाइंडरचा शिकाऊ पोरगा : मायकेल फॅराडे

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयात शास्त्र शाखा नाही. त्यामुळे आपल्या वार्षिकांकात शिवाजी महाराज येतात, महात्मा फुले येतात, ज्ञानेश्वर-तुकाराम तर दरवर्षी येतात; शास्त्रज्ञ मात्र सहसा येत नाहीत. मायकेल फॅराडेवर लिहायचे मी ठरवले तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे एकदोन मैत्रिणींनी सुचवून पाहिले. मला तसे वाटत नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. ज्या माणसाच्या प्रयोगांतून पुढे विजेच्या मोटारी आणि जनित्रे निघाली, त्याचे घर, त्याचा मालक, त्याचा पगार आणि त्याचे अपमान हा इतिहासाचाच विषय आहे. शिवाय माझे एक घरगुती कारणही आहे. ते ओघात येईलच.

फॅराडेची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वक्तृत्व स्पर्धेत ती हमखास येते. लोहाराचा मुलगा, शाळा लवकर सुटली, पुस्तके बांधता बांधता ती वाचू लागला आणि जिद्दीच्या जोरावर जगप्रसिद्ध झाला. एवढे सांगून वक्ता समोरच्या बाकांकडे बोट करतो आणि तुम्हीही असेच करा म्हणून टाळ्या घेऊन खाली बसतो. यात खोटे काही नाही. पण यात जे गाळले जाते तेच मला मोलाचे वाटते. जिद्द काय, आमच्या गल्लीतही पुष्कळ आहे. जिद्दीला वाट कोणी दिली, कोणी अडवली, हे कोणी सांगत नाही.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथे झाला. आपल्याकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती. वडील जेम्स हे लोहार. उत्तरेकडच्या वेस्टमोरलंड परगण्यातून पोटामागे राजधानीत आलेले. त्यांची प्रकृती साथ देत नसे, आणि लोहाराची प्रकृती बिघडली की घरातली चूलही थंड पडते. १८०१ साली धान्याचे भाव कडाडले तेव्हा लहान मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई, असे सांगतात. पुढे हे कुटुंब लंडनमध्येच घोडागाड्यांच्या तबेल्यावरच्या खोल्यांत राहायला आले. शाळेत त्याला वाचणे, लिहिणे आणि थोडा हिशेब एवढेच मिळाले. घरची मंडळी सँडेमेनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाची होती. साधे राहावे, धन साठवू नये, मोठेपणाच्या मागे लागू नये, असे हा पंथ मानी. मायकेलने हा पंथ शेवटपर्यंत सोडला नाही. पुढचे त्याचे कित्येक निर्णय या एका गोष्टीवरून उलगडतात.

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. घरोघर वर्तमानपत्रे पोचवायची, असे काम. वर्षभरात रीबोंनी त्याला सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणीचा शिकाऊ म्हणून ठेवून घेतले. अशा उमेदवारीसाठी त्या काळी मुलाच्या बापाने मालकाला पैसे मोजावे लागत. रीबोंनी ते घेतले नाहीत. इतकेच नव्हे, बांधायला आलेले पुस्तक वाचत बसलेल्या पोराला त्यांनी हटकलेही नाही. मला हे रीबो फार मोठे वाटतात. पुस्तकाच्या दुकानात नोकर ठेवणारे पुष्कळ असतात, पण नोकराला पुस्तक उघडू देणारा मालक विरळाच.

बांधणीला आलेल्या ब्रिटानिका विश्वकोशात त्याने विजेवरचा लेख वाचला. दुसरे पुस्तक होते रसायनशास्त्रावरच्या संवादांचे, जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले. याच्याविषयी दोन शब्द जास्त लिहिते, कारण भाषणांत या बाईंचे नाव ऐकू येत नाही. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या बोलण्यातून रसायनशास्त्र उलगडावे, अशी या पुस्तकाची मांडणी. ते मुख्यतः स्त्रियांसाठी लिहिलेले होते आणि १८०६ साली ते छापले तेव्हा त्यावर लेखिकेचे नावही नव्हते. मुलींना समजावे म्हणून सोपे लिहिलेले पुस्तक एका लोहाराच्या मुलाच्या हाती पडले आणि तो त्यातले प्रयोग आठवड्याच्या मजुरीतून पैसे वाचवून करून पाहू लागला. पुढे जगभर नाव झाल्यावरही फॅराडे या बाईंना आपली पहिली गुरू मानीत असे.

१८१० साली वडील वारले. त्याच सुमारास टेटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत असत. एका व्याख्यानाला एक शिलिंग. शिकाऊ पोराकडे शिलिंग कुठून येणार? तो दिला थोरल्या भावाने, रॉबर्टने, आणि रॉबर्ट लोहारकाम करीत होता. जगाच्या इतिहासात या रॉबर्टला एक ओळसुद्धा नाही. आमच्या वर्गात असे कितीतरी जण असतील, ज्यांच्या फीचे पैसे भावाने हमालीतून किंवा बहिणीने शिवणकामातून दिले आहेत. त्यांनी रॉबर्टची आठवण ठेवावी.

मग १८१२ उजाडले. दुकानातले एक गिऱ्हाईक, विल्यम डान्स, यांनी या पोराची वही पाहिली आणि त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे तेव्हा लंडनचे मोठे आकर्षण होते. व्याख्यानाला सरदार आणि त्यांच्या बायका गर्दी करीत. मायकेल गॅलरीत बसला, मिळेल ते टिपत गेला, घरी येऊन सगळे स्वच्छ उतरवून काढले, आकृत्या काढल्या आणि स्वतःच्या हाताने त्याचे पुस्तक बांधले. त्याआधी त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना विज्ञानातले कुठलेही काम द्या म्हणून पत्र लिहिले होते. उत्तर आलेच नाही. आता हे बांधलेले टिपण त्याने डेव्हींकडे पाठवले. डेव्हींनी बोलावून घेतले, पण जागा नाही म्हणून परत पाठवले. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने मारामारी केली, त्याची नोकरी गेली आणि ती जागा फॅराडेला मिळाली. तारीख १ मार्च १८१३. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, वर माडीवर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या.

आता हिशेब करा. रीबोंनी पैसे मागितले असते, रॉबर्टने शिलिंग दिला नसता, डान्स यांनी तिकिटे दुसऱ्याला दिली असती, किंवा त्या मदतनिसाने त्या दिवशी राग गिळला असता, तर फॅराडे उत्तम बुकबाइंडर म्हणून मेला असता. जिद्द तेवढीच असती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले. इंग्लंड आणि फ्रान्सचे युद्ध चालू असताना खुद्द नेपोलियनने त्यांना परवाना दिला होता. ऐन वेळी डेव्हींच्या खासगी नोकराने यायला नकार दिला, आणि प्रयोगशाळेच्या मदतनिसाला ते कामही करावे लागले. म्हणजे साहेबांचे कपडे, सामान, मुक्कामाची व्यवस्था. लेडी डेव्ही त्याला नोकराप्रमाणेच वागवीत. मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने हे दुःख सांगितले आहे. सगळे सोडून परत यावे, असेही त्याच्या मनात आले होते. पण याच प्रवासात त्याने पॅरिसमध्ये अँपियर आणि मिलानमध्ये म्हातारा व्होल्टा पाहिला, आणि फ्लॉरेन्सला एका प्रचंड भिंगाखाली हिरा जळून जाताना पाहिला. दीड वर्षाची ही भटकंती हेच त्याचे विद्यापीठ. एप्रिल १८१५ मध्ये तो परतला. अपमान आणि शिक्षण एकाच ताटात वाढलेले असले तर काय करायचे? फॅराडेने ताट सरकवले नाही. ते बरोबर केले का, यावर माझे मत अजून पक्के होत नाही.

आता मुख्य विषयाकडे येते. १८२० पर्यंत वीज आणि चुंबकत्व ही दोन वेगळी खाती समजली जात. त्या वर्षी कोपनहेगनच्या ओर्स्टेड यांनी असे दाखवले की तारेतून वीज वाहत असेल तर जवळच्या होकायंत्राचा काटा हलतो. तोही तारेकडे ओढला जात नाही, तर तारेला आडवा वळतो. ही बातमी युरोपभर पसरली. त्या आडव्या वळण्याने सगळे चक्रावले होते. फॅराडेने विचार केला की, तारेभोवती जर काही वर्तुळाकार चाललेले असेल, तर सोयीची मांडणी करून तारच चुंबकाभोवती फिरवता आली पाहिजे. ३ आणि ४ सप्टेंबर १८२१ रोजी त्याने ते केले. भांड्यात पारा घेतला, तळाशी मेणात एक चुंबक उभा रोवला, वरून एक तार अशी टांगली की तिचे टोक पाऱ्यात बुडेल. वीज सोडली, तार चुंबकाभोवती गरगर फिरू लागली. विजेने सतत फिरणारी अशी वस्तू त्याआधी कोणी पाहिली नव्हती. तेव्हा त्याचे वय तीसही पुरे नव्हते. सेरा बर्नार्ड हिच्याशी लग्न होऊन तीन महिने झाले होते, आणि प्रयोग बघायला शेजारी उभा होता सेराचा धाकटा भाऊ जॉर्ज.

आनंद फार दिवस टिकला नाही. वोलास्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनीही असाच काही विचार मांडला होता आणि डेव्हींबरोबर त्याच प्रयोगशाळेत तो करूनही पाहिला होता. तो साधला नव्हता, आणि त्यांची कल्पना वेगळीही होती. तार स्वतःच्याच अंगाभोवती फिरेल अशी ती होती. पण फॅराडेने घाईने निबंध छापला आणि त्यात त्यांचा उल्लेख राहून गेला. लगेच कुजबुज सुरू झाली की, या मदतनिसाने मोठ्या माणसाची कल्पना उचलली. वोलास्टन यांनी फारसे मनावर घेतले नाही. डेव्हींनी घेतले. १८२३ मध्ये क्लोरीन वायूचा द्रव करण्याच्या श्रेयावरूनही मने दुखावली. मित्रांनी फॅराडेचे नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवले, तेव्हा डेव्ही सोसायटीचे अध्यक्ष होते; त्यांनी त्याला नाव मागे घ्यायला सांगितले. त्याने घेतले नाही. जानेवारी १८२४ मध्ये गुप्त मतदान झाले आणि तो निवडून आला. विरुद्ध पडले ते फक्त एक मत.

ही हकीकत वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. कारण डेव्ही हे काही जन्मजात सरदार नव्हते. कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स गावच्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराचा तो मुलगा, औषधवाल्याकडे उमेदवारी केलेला. स्वतः खालून वर आलेल्या माणसाने खालून येणाऱ्या दुसऱ्याच्या वाटेत उभे राहावे! परक्यापेक्षा हे जास्त लागते. तरीही पहिली नोकरी याच हाताने दिली होती, हेही खरे. फॅराडेने डेव्हींचे ते ऋण शेवटपर्यंत मान्य केले. १८२९ मध्ये डेव्ही जिनिव्हात वारले.

आता माझे घरगुती कारण सांगते. माझे वडील सातवीपर्यंत शिकले आहेत. घराच्या पडवीत त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडले की आसपासच्या शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि आमच्या पडवीत रांग लागते. जळालेली तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा, फॉर्म्यावर नवी कॉइल गुंडाळायची, वार्निश पाजायचे. वेढे मोजणे हे लहानपणापासून माझ्याकडे आहे. तांब्याच्या तारेवर एनॅमलचा पातळ मुलामा असतो, म्हणून शेजारशेजारचे वेढे एकमेकांना चिकटून बसले तरी वीज या वेढ्यातून त्या वेढ्यात उडी मारीत नाही. फॅराडेच्या वेळी अशी तार बाजारात मिळत नव्हती. त्याने उघड्या तारेच्या वेढ्यांमध्ये सुतळी घातली आणि थरांच्या मध्ये सुती कापड. पुस्तके बांधणाऱ्याचेच ते हात! हे वाचले तेव्हा मी ते पान वडिलांना मराठीत सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वेढे किती होते, हा.

वेढ्यांचा नाही, पण तारेचा हिशेब त्याच्या रोजवहीत आहे. २९ ऑगस्ट १८३१. सहा इंच व्यासाचे नरम लोखंडाचे एक कडे. एका बाजूला सुमारे चोवीस-चोवीस फुटांच्या तीन तारा गुंडाळलेल्या, दुसऱ्या बाजूला दोन तुकड्यांत मिळून साठ फूट. दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना कुठेही जोडलेल्या नाहीत. विजेमुळे लोखंडाचा चुंबक होतो, हे तोवर पक्के झाले होते. बूट शिवण्याची उमेदवारी केलेल्या आणि पुढे शिपाई झालेल्या विल्यम स्टर्जन याने १८२५ साली तसा विद्युतचुंबक करून दाखवला होता. फॅराडेला उलटे हवे होते. चुंबकापासून वीज. एका बाजूच्या तारेला त्याने बॅटरी लावली आणि दुसऱ्या बाजूची तार लांब नेऊन एका चुंबकसूचीवरून घेतली.

बॅटरी जोडली त्या क्षणी सूची थरथरली आणि पुन्हा जागेवर आली. वीज चालूच होती, पण सूची स्वस्थ. बॅटरी तोडली, सूची पुन्हा हलली आणि थांबली. सगळे जण सतत वाहणारी वीज शोधत होते. हाती लागला हा क्षणाचा झटका. दुसरा कोणी असता तर जोडणी सैल असेल म्हणून सोडून दिले असते. फॅराडे दीड-दोन महिने त्या झटक्याच्या मागे लागला. १७ ऑक्टोबरला त्याने पोकळ कॉइलमध्ये नुसता चुंबक आत-बाहेर केला, सूची हलली. चुंबक आत ठेवून दिला की शांत. मग उलगडले की, चुंबक असून भागत नाही, चुंबकाचा प्रभाव बदलत राहिला पाहिजे. २८ ऑक्टोबरला रॉयल सोसायटीच्या प्रचंड चुंबकाच्या टोकांमध्ये त्याने तांब्याची चकती फिरवली आणि तिच्यातून सतत वीज काढली. ती जगातील पहिली जनित्र-चकती. २४ नोव्हेंबर १८३१ रोजी हा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी शेजारी आणखी एक तारीख लिहून ठेवावी : त्यानंतर सहा आठवड्यांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण निघाले.

अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनाही हे स्वतंत्रपणे सापडले होते, पण छापण्यात ते मागे पडले. कड्याच्या त्या दोन बाजू म्हणजेच आजचा ट्रान्सफॉर्मर. फॅराडेने यातल्या कशाचेही पेटंट घेतले नाही. उलट १८३० नंतर कारखानदारांना सल्ला देण्याची चांगल्या पैशाची कामे तो कमी करीत गेला. सँडेमेनियन घरचा तो संस्कार, असे मला वाटते. तरी थांबून विचार करावासा वाटतो. त्याला मूलबाळ नव्हते, राहायला संस्थेची जागा होती. ज्याच्या पाठीमागे बहिणींची लग्ने आहेत त्याला हा त्याग इतका सोपा नसतो.

त्याच्या गणिताविषयी. फॅराडेला गणित जवळजवळ येत नव्हते. विजेवरच्या संशोधनाचे त्याचे तीन जाड खंड आहेत आणि त्यांत समीकरण शोधून सापडत नाही. त्याऐवजी त्याने काय केले? कागदावर लोखंडाचा कीस पसरला, खाली चुंबक धरला आणि किसाच्या ज्या वक्र रेषा उमटल्या त्या खऱ्या मानल्या. चुंबकाच्या आजूबाजूची जागा रिकामी नाही, ती या बलरेषांनी भरलेली आहे, असे तो म्हणू लागला. गणिती मंडळींनी याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८५० नंतर जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने मात्र या रेषा गांभीर्याने घेतल्या आणि त्यांना गणिताची भाषा दिली. मॅक्सवेलचा निबंध हाती आला तेव्हा फॅराडे साठीच्या पुढे गेला होता. आपल्या साध्या कल्पनेवर एवढा गणिताचा डोंगर उभा राहिलेला पाहून तो आधी घाबरला आणि मग ती कल्पना तो भार सोसते आहे हे पाहून चकित झाला, असे त्याने मॅक्सवेलला कळवले. निष्कर्ष आमच्यासारख्यांच्या भाषेतही सांगता येणार नाहीत का, अशी विनंतीही त्याने त्याला पत्रातून केली. साठी उलटलेल्या थोर शास्त्रज्ञाने पंचविशीतल्या प्राध्यापकाला असे विचारावे! गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणाऱ्या कोणालाही हे पत्र आवडेल.

मधल्या काळातले बरेच मी गाळते आहे. १८३३-३४ मध्ये त्याने विद्युत्-विघटनाचे नियम मांडले. १८३६ मध्ये तो बारा फुटांच्या, बाहेरून विजेने भारलेल्या पिंजऱ्यात स्वतः जाऊन बसला आणि आत काहीही जाणवत नाही हे त्याने दाखवले. १८४० च्या सुमारास प्रकृती ढासळली, स्मृती दगा देऊ लागली, काही काळ काम बंद पडले. परत उभा राहिला तो १८४५ मध्ये. पूर्वी रॉयल सोसायटीच्या सांगण्यावरून त्याने दुर्बिणीसाठी चांगली काच करण्यात कित्येक वर्षे घालवली होती, आणि त्यातून म्हणावे तसे काही निघाले नव्हते. त्यातलाच शिशाच्या जड काचेचा एक तुकडा त्याने विद्युतचुंबकाच्या टोकांशी ठेवला आणि त्यातून एका प्रतलात कंप पावणारा प्रकाश पाठवला. वीज सोडली की त्या कंपनांची दिशा वळे, वीज तोडली की पूर्ववत. चुंबकत्व आणि प्रकाश यांचा संबंध प्रथमच दिसला. नोव्हेंबरात तोच तुकडा चुंबकाच्या टोकांमध्ये टांगला तर तो चुंबकाला आडवा होऊन राहिला. मग त्याने दिसेल ते टांगून पाहिले : लाकूड, मांस, सफरचंद, पाव. चुंबकाला दाद न देणारी वस्तू जवळजवळ नाहीच. कोणी ओढली जाते, कोणी दूर सरते, एवढाच फरक.

१८५७ साली वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्याने सोन्याचा वर्ख हाती घेतला. वर्ख मुळातच पातळ. त्याने तो रसायनाने आणखी विरळ केला आणि प्रकाश त्यातून कसा जातो ते पाहिले. पिवळे सोने पातळ झाले की आरपार हिरवे दिसते, आणि त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले तर पाणी माणकासारखे लाल होते. वस्तू तीच, पण पुरेशी पातळ किंवा बारीक झाली की तिचे वागणे बदलते. त्या वेळच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

ही पातळ थरांची वाट पुढे कुठवर गेली, हे वाचून मला फार नवल वाटले. १९८८ साली फर्ट आणि ग्रूनबर्ग यांना वेगवेगळे काम करताना आढळले की, लोखंड आणि क्रोमियमचे अतिपातळ थर एकावर एक रचले, तर थरांच्या चुंबकत्वाची दिशा बदलताच विजेला होणारा अडथळा पुष्कळ बदलतो. २००७ चे नोबेल त्यांना मिळाले. १९९६ मध्ये स्लोन्चेवस्की आणि बर्जर यांनी उलट बाजू मांडली. वाहणारी वीज स्वतःच पातळ थराच्या चुंबकत्वाची दिशा फिरवू शकते, कारण विजेतले इलेक्ट्रॉन आपली फिरकी थराला देतात. काही पदार्थ तर निसर्गतःच पुस्तकासारखे असतात. थरांमधली पकड इतकी हलकी की पानासारखा थर सोडवून घेता येतो. २०१७ मध्ये क्रोमियम आणि आयोडिनच्या अशा पदार्थाचा एकच थर, म्हणजे अक्षरशः एक पान, चुंबक म्हणून टिकतो हे दिसले. आणि २०२१ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी लोह, जर्मेनियम आणि टेल्युरियम यांच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यात थोडी वीज सोडून दाखवले की, एरवी दिशा सहज न बदलणारा हा हट्टी चुंबक त्या विजेने नरम होतो. मग त्याची दिशा फिरवणे सोपे जाते. कमी विजेत, कमी उष्णतेत चालणारी संगणकाची स्मृती यातून करता येईल, अशी आशा आहे. अडचण एवढीच की, या पदार्थाचे चुंबकत्व टिकायला शून्याखाली पन्नासएक अंशांपेक्षाही जास्त थंडी लागते.

मी हे वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांना एकच गोष्ट पटेना : कॉइल नाही? चुंबकत्व बदलायचे म्हणजे लोखंडाभोवती वेढे घालायचे, हे त्यांनी आयुष्यभर हाताने केले आहे. इथे भोवती काहीच नाही, वीज त्या पापुद्र्याच्या अंगातूनच जाते. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की, असे असेल तर हे नीट लिहून काढ. आमच्याच एका नातेवाइकांनी मुलीला बी. ए. करून काय मिळणार, असे गेल्या दिवाळीत विचारले होते. तेव्हा वडिलांनी उत्तर दिले नव्हते. मला वाटते हे त्याचेच थोडेसे उत्तर असावे.

फॅराडेविषयी माझी एक तक्रार आहे, ती नोंदवते. रीबो, मार्सेट, टेटम, डान्स, डेव्ही, इतक्या जणांच्या हातावर पाय ठेवून तो वर आला. पण त्याने स्वतः कोणाला हाताखाली घेऊन शास्त्रज्ञ केले नाही. मदतीला होते ते तोफखान्यातून निवृत्त झालेले सार्जंट अँडरसन, सांगितलेले काम चोख करणारे. एकदा घरी जा असे सांगायचे राहिले, तर ते रात्रभर भट्टी पेटती ठेवून बसले, अशी आठवण सांगतात. शिष्य असा नाहीच. याची भरपाई म्हणायची तर ती व्याख्यानांची. १८२५ पासून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली, त्यांतल्या एकोणीस वर्षांची त्याने स्वतः दिली. एका साध्या मेणबत्तीवरची त्याची सहा व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली. दुकानात उभ्याउभ्या पुस्तक चाळणारे एखादे पोर त्याच्या मनात असेल का? असावे.

शेवटची वर्षे विस्मरणात गेली. १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले, ते त्याने नाकारले. १८५८ पासून राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात तो आणि सेरा राहू लागले. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो वारला. त्याला मोठमोठ्यांच्या ओळीत पुरले नाही. हायगेटच्या स्मशानभूमीत, राजमान्य चर्चबाहेरच्या लोकांसाठी राखलेल्या भागात साधा दगड आहे. त्यावर पदवी नाही, शोधांची यादी नाही. नाव आणि दोन तारखा. सेरा त्यानंतर बारा वर्षांनी, १८७९ साली गेली. तिलाही तिथेच पुरले.